दाराबाहेर ताटकळलेलं उत्तर

श्रोतेहो, नमस्कार. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 12व्या अध्यायातला एक प्रसंग वाचताना मला दर वेळी हसू येतं, आणि पाठोपाठ जरा ओशाळायलाही होतं.

हेरोद राजाने येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात डांबलंय. 16 शिपायांचा पहारा. रात्री दोन शिपायांच्या मधे, दोन साखळ्यांनी जखडलेला पेत्र चक्क झोपलाय. इकडे मार्कची आई मरीया, तिच्या घरी मंडळी प्रार्थना करत बसलीय. देवदूत येतो, पेत्राला कुशीत ढोसून उठवतो. कंबर बांध म्हणतो, वहाणा घाल म्हणतो. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो आणि पेत्र मरीयेच्या घरी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी कोण आहे ते बघायला जाते. आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार उघडायचंच राहून जातं! ती आत पळते, पेत्र आलाय म्हणून सांगते. ज्यांची प्रार्थना चाललीय तेच तिला म्हणतात, "तुला वेड लागलंय." ती हटेना, तेव्हा म्हणे, त्याचा देवदूत असेल. बाहेर पेत्र ठोठावतोच आहे.

विश्वासाने मागा, हे येशूचंच सांगणं. पण या घरात विश्वास होता तरी केवढा? उत्तर दारात आलं तरी पटू नये, एवढाच. तरीही साखळ्या गळून पडल्या. मागणाऱ्याचा विश्वास तागडीत घालून मग हात सैल करणारा हा देव नव्हे.

हागारेचं बघा. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा 21वा अध्याय. अब्राहामाच्या घरातून बाहेर काढलेली मिसरी दासी. बैर-शेबाच्या रानात मसकेतलं पाणी संपलंय. पोराला झुडपाखाली टाकून ती बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवणार नाही. ती रडते. तिने प्रार्थना केली असं तिथे लिहिलेलंही नाही. देव ऐकतो तो मुलाचा आवाज. त्या मुलाचं नाव इश्माएल, आणि या नावाचा अर्थच मुळी ‘देव ऐकतो’. मग तिचे डोळे उघडतात आणि विहीर दिसते. विहीर त्या क्षणी खणली गेली असं काही म्हटलेलं नाही. मला वाटतं, ती तिथेच होती.

मरणाच्या दुखण्यात देवाला विनवणाऱ्या हिज्कीया राजाला तर यशया संदेष्टा वाड्याच्या चौकातून बाहेर पडायच्या आतच उत्तर मिळालं: आणखी 15 वर्षांचं आयुष्य. वर गळवावर लावायला अंजिरांचा लेप!

आता अवघड भाग. पेत्र सुटला त्याच अध्यायाच्या सुरुवातीला हेरोदाने येशूचा दुसरा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलंय. त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल, हे मला पटत नाही. हे पुस्तक लिहिणारा लूक दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडतो, कारण देत नाही. मीही देऊ शकत नाही. मला एवढंच दिसतं, की गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा हा प्याला टळो म्हणून विनवलं आणि तो टळला नाही. ‘नाही’ हे उत्तर देवाने आपल्या पुत्रालाही चुकवलं नाही.

आणि मरीयेच्या घरी? अखेर कुणीतरी दार उघडलं. सगळे थक्क, एकच गलका. पेत्राने हाताने खुणावून त्यांना गप्प केलं, प्रभूने कसं सोडवलं ते सांगितलं, आणि तो निघून गेला.