अर्थ लागण्याआधी

श्रोतेहो, तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूरजवळच्या हाळ या गावी स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) या चित्रपटाचा एक प्रसंग चित्रित झाला होता. कथेत ते ठिकाण उत्तर भारतातले आहे. प्रचंड जनसमुदाय पाच स्वरांची एकच ओळ पुन्हापुन्हा गातो आहे. हे स्वर कुठून आले, असे विचारताच शेकडो हात एकदम वर जातात आणि बोटे आकाशाकडे रोखली जातात. त्या स्वरांचा अर्थ गाणाऱ्यांना ठाऊक नाही, विचारणाऱ्या शास्त्रज्ञांनाही नाही, तरीही ते जिवापाड जपले जात आहेत. परग्रहवासीयांच्या पहिल्या भेटीचा कोणताही चित्रपट मी याच कसोटीवर पारखतो: अर्थ लागण्याआधीचा काळ तो किती प्रामाणिकपणे दाखवतो? यानातून उतरलेले पाहुणे लगेच अस्खलित इंग्रजीत धमक्या देऊ लागले, तर भेटीचा गाभाच गाळला गेला, असे मला वाटते.

डेनी व्हिलनव्ह यांचा ‘अरायव्हल’ (२०१६) या कसोटीला फार चांगला उतरतो. जगात बारा ठिकाणी परग्रहवासीयांची याने येऊन थांबली आहेत आणि लष्कराला एवढेच जाणून घ्यायचे आहे की, तुम्ही पृथ्वीवर कशासाठी आलात? भाषातज्ज्ञ लुईस बँक्स हे वाक्य फळ्यावर लिहून कर्नलसमोर त्याची फोड करते. प्रश्न म्हणजे काय, हे तरी त्या पाहुण्यांना कळते का? ‘तुम्ही’ म्हणजे समोरचा एकटा की सगळे? (आपल्या मराठीत तर आदरार्थी एकाला आणि अनेकांना ‘तुम्ही’च म्हणतात, त्यामुळे ही अडचण आपल्याला चटकन कळावी.) हेतू मनात धरून वागणे ही कल्पना त्यांच्याकडे आहे का, की ते केवळ सहजप्रेरणेने वागतात?

पुढे याच प्रश्नाचे उत्तर येते आणि ते ‘शस्त्र देणे’ असे वाचले जाते. एकमेकांना माहिती देणारे देश संपर्क तोडतात, सैन्ये सज्ज होतात. लुईस मात्र म्हणते की, त्यांना कदाचित ‘साधन’ म्हणायचे असेल. आपल्या ‘हत्यार’ या एका शब्दात सुताराची पटाशीही येते आणि तलवारही येते. सुतार हत्यारे घेऊन दारात उभा राहिला तरी आपण घाबरत नाही, कारण तो कशासाठी आला आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. उत्तरार्धात नवी भाषा शिकल्यामुळे लुईसचे काळाचे भानच बदलते, ही झेप मला भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पटत नाही. परंतु फळ्यापाशी इतके कष्ट घेतलेल्या चित्रपटाला मी ती झेप मोकळ्या मनाने घेऊ देतो.

आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘सोलारिस’मध्ये (१९७२) मात्र अर्थ लागतच नाही. सोलारिस या ग्रहावरचा विचारी महासागर तिथल्या अंतराळस्थानकावर आलेल्या केल्विन या मानसशास्त्रज्ञाच्या आठवणीतून त्याची मृत पत्नी हारी घडवतो आणि त्याच्यासमोर उभी करतो. ही देणगी आहे की शिक्षा, की नुसती चाचपणी, हे कोणालाच सांगता येत नाही. केल्विन तिच्या पोशाखाच्या बंदांची वीण सोडवायला जातो, तेव्हा ती उकलतच नाही. शेवटी कात्रीने कापड कापावे लागते. महासागराने पोशाख हुबेहूब घडवला होता, परंतु तो अंगात घालायचा आणि उतरवायचा असतो, हे त्याला उमगलेले नव्हते.