दीपनगरला अजून एक वीजनिर्मिती संच बांधायचा का पंप दुपारी चालवायचे?

राम राम मंडळी, कसं काय भो.

भुसावळकडून जाताना दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात, आणि गाडीत कोणी ना कोणी म्हणतंच की एवढी वीज आपल्याकडे बनते, मग आपल्याच रावेर-यावलच्या केळीला रात्री पाणी का भरायचं? प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर दीपनगरात नाही, महावितरणच्या हिशोबात आहे. पुढच्या दहा वर्षांत किती वीज लागणार आणि ती कुठून आणायची, हा तो हिशोब. 2023 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, आता वितरण कंपनीला तो दरवर्षी नव्याने मांडावा लागतो.

आता आपण काय करतो, सरळ युनिटचा भाव बघतो. सोलर स्वस्त, कोळसा महाग, मग सगळीकडे सोलर लावा, विषय संपला! नाही ना संपत. साक्रीकडे शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे, पण रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ सगळं धरून वर्षाची सरासरी काढली तर सोलरमधून साधारण पाचवा हिस्साच हाती येतो, म्हणजे 25 मेगावॅटच्या आसपास. आणि संध्याकाळी सातला? शून्य. तिथंच साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, त्या पावसाळ्यात जोरात फिरतात, पण तेव्हा आपले पंप बंद असतात. कोयनेचं पाणी पाहिजे तेव्हा सोडता येतं, म्हणून ते संध्याकाळसाठी राखून वापरायचं. बॅटरी पण आता आलीय, पण ती काही तासांपुरती.

म्हणून हिशोबात भावाच्या आधी बघायचं की वीज कोणत्या तासाला मिळणार.

मग कोळसा उरतो, तो रात्री पण चालतो. पण त्याचा करार म्हणजे सालदार ठेवण्यासारखा आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) साल ठरलं की काम असो नसो, ठरलेले पैसे द्यावेच लागतात. वीज केंद्राशी पंचवीस वर्षांचा करार केला की स्थिर आकार, म्हणजे केंद्र उभं ठेवायचे ठरलेले पैसे, चालू, वीज घेतली नाही तरी चालू, कोळशाचा खर्च वेगळा. म्हणजे मागणीचा अंदाज जास्त धरला तर बसल्या संचाचे पैसे आपल्याच बिलातून जाणार, आणि कमी धरला तर मे महिन्यात जळगाव 45 डिग्रीला तापलेलं असताना बाजारातून मिळेल त्या भावात वीज घ्या नाहीतर लोडशेडिंग करा.

आता माझ्या आवडीचा भाग. वीज वाढवण्याऐवजी मागणीच हलवली तर?

(स्क्रीनवर आकडे)

एक एचपी म्हणजे 746 वॅट. पाच एचपीचा पंप म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या जवळपास. दीपनगरचा नवा संच 660 मेगावॅटचा आहे, त्याला भागा, तर पावणेदोन लाखाच्या आसपास पंप येतात. एवढे पंप रात्रीच्या वेळेतून काढून दुपारी सोलरवर टाकले तर कागदावर एका अख्ख्या संचाएवढा भार रात्रीतून कमी झाला! बरं, सगळे पंप एकदम चालत नसतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल, पण लहान नाही येणार. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेच चाललंय, सबस्टेशनजवळ सोलर लावायचं आणि शेतीचा फिडर, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीपंपांकडं जाणारी लाईन, दिवसा चालवायचा. जागा लागते, एका मेगावॅटला चार-पाच एकर धरा, पण वीज तिथंच बनते तिथंच वापरली जाते म्हणून लांबच्या लाईनची गळती वाचते. आणि शेतकऱ्याचं रात्रीचं बांधावर जाणं, साप, बिबट्या, हे तर कुठल्याच तक्त्यात पैशात मांडत नाहीत, माझ्या मते मांडायला पाहिजे.

घरातलं पण आहे. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. दहा लाख पंखे बदलले आणि सगळे सोबत चालू असले तर 45 मेगावॅट वाचले, त्यात जमीन नको, कोळसा नको, आणि संच उभा राहायची पाच-सहा वर्षं वाट पाहणं नको. तरी कंपन्यांना हे फार आवडत नाही, कारण कमी युनिट विकले तर वसुली कमी. म्हणून वीज नियामक आयोगाला मधे पडावं लागतं.

एक अडचण मात्र सांगतो. स्वस्त तास, महाग तास अशा दरांनी कारखाना वेळ बदलतो, स्मार्ट मीटर लागलं तर घरवाला पण वॉशिंग मशीन दुपारी लावेल. पण साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला 2024 पासून बिलच माफ आहे, तिथं दर बदलून कोणाला फरक पडणार? तिथं चालतं फक्त थ्री फेजचं टाइमटेबल, म्हणजे पंपाची वीज कोणत्या तासाला सोडायची ते. फिडर दिवसा चालू ठेवला तर पंप दिवसा चालेल, रात्री ठेवला तर रात्री. म्हणून मी योजनेत किती मेगावॅट मंजूर झाले ते विचारत नाही, आपल्या गावाचा शेतीचा फिडर गावठाणापासून वेगळा झाला का ते विचारतो. तुमच्याकडं झालाय का, वायरमनभाऊला एकदा विचारून बघा.