न थकणारी पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

फुटाळा तलावावर सकाळी फिरायला जाणारी आमची पाच-सहा जणांची टोळी आहे. चालणं थोडं, गप्पा फार, आणि शेवट पोह्यांच्या ठेल्यावर. त्यातला एक मित्र माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. तो तिखट तर्री घेत नाही, बिनतर्रीचे पोहे खातो. नागपुरात राहून असं करणाऱ्याला आम्ही जे बोलायचं ते बोलून घेतो. परवा त्यानं मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, म्हातारपणाचं प्रोटीन सापडलं म्हणते. ते बंदच करून टाकलं तं?"

माझा जन्म पॅथॉलॉजीत गेला. लोकांच्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हेच काम. त्यामुळे उत्तर तोंडावर होतं: बंद केलं तर कॅन्सर होईल. पण पोह्यांच्या ठेल्यावर असं बोलत नाहीत. म्हणून ते आज इथे सांगतो.

1961 साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की माणसाची साधी पेशी काचेच्या भांड्यात वाढवली, तर ती साधारण 40 ते 60 वेळा दुभागते आणि मग थांबते. मरत नाही, नुसती थांबते. याचं एक कारण गुणसूत्रांच्या टोकांना असलेली टोपणं. त्यांना टेलोमिअर म्हणतात. दर विभाजनाला ती थोडी झिजतात आणि फार झिजली की पेशीला थांबायचा हुकूम होतो. टेलोमरेज नावाचं प्रथिन ही टोकं पुन्हा बांधू शकतं, पण शरीराच्या बहुतेक पेशींत ते जवळजवळ बंदच असतं. या शोधासाठी 2009 चं नोबेल दिलं गेलं. आता गंमत बघा. दहापैकी आठ-नऊ कॅन्सरमध्ये हेच टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं सापडतं. म्हणजे न थकणारी पेशी निसर्गात आहे, आणि ती कॅन्सरची आहे.

थांबायचा हुकूम देणारी दोन प्रथिनं महत्त्वाची: पी-16 आणि पी-53. मित्र म्हणतो ते म्हातारपणाचं प्रोटीन याच जातीचं. पी-53 चं नाव वजनावरून पडलं आणि ते वजनही चुकलेलं निघालं. किलोडाल्टन या रेणूंच्या मापात ते 53 नव्हे, 44 च्या आसपास आहे. चूक एवढीच नव्हती. 1979 साली ते सापडलं, आणि पुढची दहा वर्षं शास्त्रज्ञ त्याला कॅन्सर घडवणारं प्रथिन समजत होते. कारण त्यांच्या हाताला लागलेले नमुने बिघडलेल्या पी-53 चे होते. धड असलेलं पी-53 याच्या उलट काम करतं: पेशीच्या डीएनएची मोडतोड दिसली की विभाजन रोखतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला कायमची थांबवतं किंवा मारून टाकतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हा पहारेकरी बिघडलेला असतो. हत्तीत हा पहारेकरी घडवणाऱ्या जनुकाच्या सुमारे 20 प्रती आहेत. गडचिरोलीत कमलापूरचे हत्ती पाहिले तेव्हा माझ्या डोक्यात हेच आलं. सोबतच्यांना सांगितलं, तर त्यांना फोटो काढायचा होता.

थांबलेली पेशी बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या अंगावरचा तीळ घ्या. पुष्कळशा तिळांच्या पेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकात तोच बदल असतो, जो मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्येही सापडतो. पेशी वाढायला लागली, आवर घालणारी प्रथिनं जागी झाली, त्यांत पी-16 सुद्धा, आणि वाढ तीळभरच राहिली. तिळावरून भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर तो भूतकाळ आहे.

मग पहारा दुप्पट केला तर? 2002 मध्ये असे उंदीर तयार झाले, ज्यांचं पी-53 सदैव तापलेलं होतं. त्यांना गाठी फार कमी झाल्या, पण ते लवकर म्हातारे झाले. पाठीला पोक, हाडं ठिसूळ, जखम भरायला वेळ. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं पी-53 चं एक जादा जनुक दिलं, पण त्याच्यावरचा शरीराचा नेहमीचा ताबा शाबूत ठेवून. ते उंदीर कॅन्सरपासून बचावले आणि म्हातारपण वेळेवरच आलं.

दुसरी अडचण थांबलेल्या पेशींचीच आहे. त्या काम करत नाहीत, पण गप्पही बसत नाहीत. पारावर बसलेल्या आमच्यासारख्या रिटायर लोकांची तऱ्हा. आयएल-6, आयएल-8 अशी दाह वाढवणारी प्रथिनं त्या सतत बाहेर टाकत राहतात. तरुण शरीर त्यांची सफाई करतं. वय वाढलं की सफाई मंदावते, पी-16 असलेल्या पेशी साचत जातात आणि त्यांच्या बडबडीनं शेजारच्या अर्धवट बिघडलेल्या पेशीला वाढायला बळ मिळतं. जुडिथ कॅम्पिसी या शास्त्रज्ञ बाईंनी हे फार चांगलं उलगडून दाखवलं. उंदरांच्या अंगातून या साचलेल्या पेशी काढून टाकल्या, तर गाठी उशिरा होतात, हेही दिसलं आहे. माणसासाठी तशा औषधांच्या चाचण्या चालू आहेत. त्यातलं एक, क्वेरसेटिन, कांद्यात असतं. म्हणून झुणका-कांद्यानं काम भागेल असं नाही, आणि त्याचे डबे विकणाऱ्यांनाही पैसे देऊ नका.

आता खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटतात, ते गालात ठेवलं जातं. तंबाखूचे विषारी घटक डीएनए मोडतात. सुपारी एकटीही कॅन्सरकारक आहे, तंबाखू नसली तरी. गालाचं अस्तर रोज खरवडतं, भरून काढायला पेशींना पुन्हा पुन्हा दुभागावं लागतं. सुपारीमुळे गालाच्या आत तंतू साचतात, गाल ताठ होतो, तोंड पूर्ण उघडत नाही आणि तिखट सहन होत नाही. अशा गालात थांबलेल्या, बडबड्या पेशी जास्त सापडतात. माणूस पस्तीसचा असतो, गाल नसतो.

शेवटी न राहवून हे सगळं मी मित्राला त्याच ठेल्यावर सांगितलं, त्यानं बिनतर्रीची प्लेट हातात घेतलेली असताना. मग त्याला म्हटलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. त्यानं हसत बोटं जोडली. दोन गेली.

"आता?" म्हणाला.

सोमवारी आम्ही दोघं मेडिकलच्या आवारातल्या दंत महाविद्यालयात जातो आहोत. त्याची गोष्ट त्याला विचारूनच सांगितली आहे. खिशातली पन्नी अजून त्यानं माझ्या हाती दिलेली नाही.