काळा, आणि सोबत एकच रंग

(पडदा काळा. कागदावर मार्कर फिरल्याचा आवाज.)

पँथर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १९७२ सालची मुंबई उभी राहते. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि दलित पँथर. हे नाव जिथून आलं ती कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर पार्टी त्याआधी सहा वर्षं, ऑक्टोबर १९६६मध्ये, अमेरिकेतल्या ओकलंड शहरात सुरू झाली होती. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी ती काढली. काळी जाकिटं, तिरक्या काळ्या टोप्या, खांद्याला बंदुका आणि पोलिसांच्या गाडीवर नजर ठेवत फिरणारे तरुण, हे त्यांचं रूप जगानं पाहिलं.

ते रूप वस्तीवस्तीत, घराघरात नेलं एका साप्ताहिकानं. त्या साप्ताहिकाची पानं लावणाऱ्या आणि त्यातली चित्रं काढणाऱ्या माणसाची ही गोष्ट. एमरी डग्लस.

(छापखान्यातली जुनी छायाचित्रं.)

एमरीचा जन्म १९४३चा, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सचा. वाढला मात्र सॅन फ्रान्सिस्कोत. पोरवयात पाऊल वाकडं पडलं आणि त्याची रवानगी सुधारगृहात झाली. तिथे काम मिळालं ते छापखान्यात. अक्षरं, ओळी, शाई, कागद यांच्याशी त्याची पहिली ओळख तिथली. पुढे सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तो कमर्शियल आर्ट शिकला. म्हणजे जाहिरातीची विद्या. घाईत चाललेल्या माणसाला क्षणभर थांबवायचं कसं, त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसवायची कशी, हे त्यात शिकवतात. साबण खपवण्यासाठी घडवलेली ही विद्या या पोरानं कुठे नेली, ते आता बघा.

१९६७च्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या पत्नी बेटी शाबाझ सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात येणार होत्या. माल्कम यांच्या हत्येला दोन वर्षं होत होती. कार्यक्रमाचं पोस्टर करायला म्हणून एमरीला तयारीच्या बैठकीत बोलावलं. बेटींच्या संरक्षणाची जबाबदारी घ्यायला तिथे ह्यूई आणि बॉबी आले. त्यांचं बोलणं ऐकून एमरीनं विचारलं, मला तुमच्यात यायचं तर काय करावं लागेल? तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

(टाइप केलेलं, सायक्लोस्टाइलवर काढलेलं पान.)

हे पान नीट बघा. तारीख २५ एप्रिल १९६७. 'द ब्लॅक पँथर'चा हा पहिला अंक. मथळ्यात एकच प्रश्न आहे: डेंझिल डॉवेलला का मारलं? डेंझिल २२ वर्षांचा होता. १ एप्रिलला कॅलिफोर्नियातल्या रिचमंडजवळ शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, माणसाच्या गोळीनं तो गेला. घरच्यांना सरकारी खुलासा पटला नाही. दाद मागत ते पँथर पार्टीपर्यंत आले, आणि त्या कुटुंबाच्या प्रश्नातून हा अंक निघाला.

बॉबी सील टाइपरायटर आणि मार्कर घेऊन या अंकावर काम करत बसला होता. एमरी तिथे पोचला. ज्याला हे काम येतं त्याला ते दुसऱ्यानं असं धडपडत केलेलं बघवत नाही. माझ्या घरी सामान आहे, घेऊन येतो, असं सांगून तो निघाला आणि कॉलेजच्या दिवसांपासून सांभाळलेली सामग्री घेऊन परत आला. तोवर अंक जवळजवळ आटोपला होता. पण पोरगा बोलल्याप्रमाणे परत आला, हे ह्यूई आणि बॉबीनं पाहिलं. पुढचा अंक खऱ्या वर्तमानपत्रासारखा काढायचा आणि त्यात एमरीनं काम करायचं, असं ठरलं. मे महिन्यात दुसरा अंक आला तो वर्तमानपत्राच्या कागदावर छापून. त्यानंतर एक तप एमरी या कामावरून उठला नाही. पार्टीनं त्याला आधी 'क्रांतिकारी कलाकार' आणि मग 'सांस्कृतिक मंत्री' असं पद दिलं.

ह्यूई आणि बॉबीचं म्हणणं साधं होतं. वस्तीतली पुष्कळ माणसं लांबलचक लेख वाचत नाहीत. काहींना वाचताच येत नाही. पण बघतात सगळेच. तेव्हा चित्र पाहिलं, खालची ओळ वाचली, की विषय ध्यानात आला पाहिजे.

सुरुवातीलाच मागणी आली ती डुकराची. वस्तीत त्रास देणाऱ्या पोलिसाचा बिल्ला क्रमांक डुकराच्या चित्रावर घालायचा आणि अंकागणिक तो क्रमांक बदलत जायचा, अशी कल्पना होती. एमरीनं ते डुक्कर मागच्या दोन पायांवर उभं केलं. अंगात गणवेश चढवला, छातीवर बिल्ला लावला, भोवती माशा घोंघावत ठेवल्या. चार पायांवरचं डुक्कर ही नुसती शिवी झाली असती. दोन पायांवर उभं राहिल्याबरोबर तो नाक्यावरचा ओळखीचा शिपाई झाला. पोलिसांना डुक्कर म्हणणं अमेरिकेत जुनंच होतं, पण साठच्या दशकात हा शब्द मोर्च्यांत आणि भिंतींवर सगळीकडे पोचला, त्यात या चित्राचा मोठा हात आहे.

(एका पानाचा जवळून घेतलेला भाग. जाड काळी रेषा, मागे नारिंगी.)

आता कारागिरीबद्दल थोडं. मला स्वतःला या सगळ्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पार्टीकडे पैसा नव्हता. चार रंगांची छपाई आवाक्याबाहेरची होती. परवडायचा काळा, आणि त्याच्यासोबत एक रंग. कधी लाल, कधी हिरवा, कधी निळा, कधी हा नारिंगी. एमरीनं काय केलं? आधी काळी रेषा जाड केली, लाकडी ठशातून उमटल्यासारखी. स्वस्तातल्या छपाईत दुसरा रंग थोडा इकडेतिकडे सरकतोच. रेषा जाड असली की ते सरकणं तिच्याखाली झाकून जातं. मग त्या एका रंगाकडून त्यानं चार रंगांचं काम करून घेतलं. कुठे तो सपाट भरला, कुठे ठिपक्यांतून फिका केला, कुठे काळ्या रेघोट्यांखाली गडद केला. आणि कागद कोरा सोडला की पांढरा फुकटात मिळतोच.

तेव्हा बाजारात ठिपक्यांचे आणि रेघांचे तयार चिकट कागद मिळायचे. घासून उमटवायची अक्षरं मिळायची. एमरी त्या नक्षीचे तुकडे कापून कुणाच्या सदऱ्यावर, कुणाच्या घराच्या भिंतीवर बसवायचा. शेजारी खरा फोटो कापून चिकटवायचा. पान लावणं म्हणजे तेव्हा अक्षरशः लावणंच होतं, कात्री आणि गोंद घेऊन.

आणि ते किरण. देवाच्या तसबिरीत मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तसे डोक्यामागून फाकत जाणारे पट्टे. एमरी ते वस्तीतल्या बाईच्या मागे काढतो, पोराच्या मागे काढतो. क्यूबातून येणारी पोस्टरं तो बघत होता, त्यांचा संस्कार या चित्रांवर आहे. देवघेव दोन्ही बाजूंनी चालली होती: १९६८ साली क्यूबातल्या ओस्पाल या संघटनेनं आफ्रिकन-अमेरिकन जनतेला पाठिंबा देणारं पोस्टर काढलं, तेव्हा त्यात एमरीचंच चित्र वापरलं.

अंकाचं मागचं पान बहुतेक वेळा अख्खं एक पोस्टर असायचं. २५ सेंटला अंक घ्या, वाचा, आणि मागचं पान भिंतीला लावा. कार्यकर्ते खळ आणि ब्रश घेऊन रस्त्यावरही ती पोस्टरं डकवत. १९६८मध्येच एमरीनं लिहून ठेवलं होतं की क्रांतिकारी कलाकाराचं कलादालन म्हणजे त्याची वस्ती. हे नुसतं लिहिलं असतं तर मी त्याची दखल घेतली नसती. पण १९७०च्या सुमाराला या साप्ताहिकाच्या आठवड्याला लाखाहून अधिक प्रती जात होत्या. एवढ्या घरांत पोचणारं कलादालन जगात किती जणांना मिळालं असेल?

(अंकाच्या पानांचा जलद क्रम. बंदुका, गणवेशातली डुकरं.)

एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. सुरुवातीच्या वर्षांतली काही चित्रं आज बघताना पोटात गोळा येतो. बंदुका रोखलेल्या आहेत, गणवेशातली डुकरं मरून पडलेली आहेत, लहान मुलांच्या हातातही शस्त्रं आहेत. ज्यांची पोरं पोलिसांच्या गोळीनं गेली होती त्यांच्या रागाचा तो हिशेब होता, हे खरं. तरी ती चित्रं मला पूर्णपणे पचत नाहीत, आणि ती वगळून ही गोष्ट सांगणंही मला पटत नाही.

पण हाच हात पुढे कसा बदलला ते बघण्यासारखं आहे. जानेवारी १९६९मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पार्टीनं शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. मग दवाखाने आले, मोफत बूट आले, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या आल्या. मार्च १९७२मध्ये ओकलंडला भरलेल्या मेळाव्यात १०,००० पिशव्या किराणा वाटायचं ठरलं. एमरीच्या चित्रांतली बंदूक हळूहळू मागे गेली आणि हातात किराण्याची पिशवी घेतलेली बाई पुढे आली. उंदीर झालेल्या खोल्या आल्या, थकलेल्या आज्या आल्या. या माणसांना कुणी पोस्टरवर घेत नव्हतं. कुणाला त्यात आपली आई दिसायची, कुणाला आपला मामा.

(एक पोस्टर पूर्ण पडद्यावर. काही क्षण शांतता.)

ऑगस्ट १९७१मधलं हे चित्र. एक मुलगा हसतोय. तोंडभर हसतोय. मागे ते किरण. आता त्याचा चष्मा बघा. काचांमध्ये डोळे नाहीत, फोटो आहेत: पार्टीच्या कार्यक्रमांतली मुलं. म्हणजे हा पोरगा समोर काय बघतोय ते आपल्याला त्याच्या काचेत दिसतं. इथे एकही डुक्कर नाही. या पोराला पोटभर खायला मिळतंय आणि तो उद्या असणार आहे, एवढंच हे चित्र सांगतं. खालच्या ओळीचा अर्थही तोच, की आपण तगणार, यात शंका नाही. जाड रेषा आणि कापून चिकटवलेले फोटो. तीच जुनी कात्री, तोच गोंद.

हे काम एमरीनं एकट्यानं केलं नाही. मातिलाबा या नावानं सही करणारी तारिका लुईस पार्टीत दाखल झालेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. सुरुवातीच्या अंकांत तिची चित्रं आहेत. नंतर गेल असाली डिक्सन या चित्रकर्तीनं मागची पानं रंगवली, आणि तिच्या चित्रांत बायका आणि मुलं ठळकपणे येतात. चळवळींच्या इतिहासात एकच नाव उरतं आणि शेजारच्या टेबलावरची नावं पुसली जातात. ही नावं म्हणून इथे घेतली.

(अंकांचे गठ्ठे. दोरी बांधणारे हात.)

अंक छापून आला की सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यालयात रात्र जागायची. ठिकठिकाणचे कार्यकर्ते जमायचे, गाणी म्हणत गठ्ठे बांधायचे, पत्ते चिकटवायचे. ही सगळी व्यवस्था सॅम नेपियर बघायचा.

आणि या गठ्ठ्यांवर सरकारचा डोळा होता. १९६९मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे संचालक जे. एडगर हूवर यांनी ब्लॅक पँथर पार्टीला देशाच्या अंतर्गत सुरक्षेला असलेला सगळ्यात मोठा धोका ठरवलं. १९७६ साली सिनेटच्या चौकशी समितीचा अहवाल आला, तेव्हा आतल्या गोष्टी बाहेर पडल्या. एफबीआयच्या सॅन डिएगो कार्यालयानं सुचवलं होतं की पेपर छापतात त्या खोलीत भयंकर दुर्गंधी येणारं एक रसायन फवारावं, म्हणजे अंक निघणार नाही. पार्टीच्या नेत्यांत फूट पाडण्यासाठी बनावट पत्रं पाठवल्याचंही त्याच अहवालात आहे. ती फूट पडली. १७ एप्रिल १९७१ला न्यूयॉर्कमधल्या वितरण कार्यालयात सॅम नेपियरचा खून झाला आणि कार्यालयाला आग लावली गेली. गठ्ठे बांधणारा माणूस होता तो.

पेपर तरीही १९८०पर्यंत चालला. त्यानंतर एमरी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सन रिपोर्टर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात पानं लावायला गेला. बाहेरच्या जगाला त्याचं नाव फारसं ठाऊक नव्हतं. २००७मध्ये लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयानं त्याचं प्रदर्शन भरवलं, आणि २५ सेंटची ती पानं काचेच्या चौकटीत गेली. २०१५ साली अमेरिकेतल्या डिझायनरांच्या एआयजीए या संस्थेनं त्याला आपलं पदक दिलं.

(कापडाचा जवळून घेतलेला भाग. सुई वर येते, खाली जाते.)

त्याआधी, २०१२मध्ये, एमरी मेक्सिकोतल्या चियापासला गेला होता. तिथले मूळनिवासी शेतकरी झापातिस्ता चळवळीत आपल्या जमिनीसाठी आणि स्वराज्यासाठी उभे आहेत. तिथल्या कलाकारांबरोबर त्यानं काम केलं, पँथरची चित्रं आणि झापातिस्तांची चित्रं एकत्र आली. त्यातली काही तिथल्या बायकांनी भरतकामात उतरवली. छापखान्यात रंग सरकू नये म्हणून जाड केलेली ती रेषा त्यांनी टाक्याला टाका लावून भरली, आणि रंग मात्र त्यांच्या पेटीत होते तेवढे सगळे वापरले.