कडेपासून पाऊण मीटर

श्रोतेहो, नमस्कार. भल्या पहाटे सायकलवरून पाव घेऊन निघालेल्या पोदेराच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या पाववाल्याच्या, मागे एखादी चारचाकी येते, हॉर्न वाजतो आणि तक्रार ठरलेली असते: हा अगदी कडेने का जात नाही?

डांबराची ती कड एकदा उतरून बघा. पावसाने कुरतडलेली, खाली चार बोटं खोल चर, त्यात सुटी खडी. चाक तिथे गेलं की परत वर चढताना टायर डांबराच्या काठाला घासत राहतो, हँडल ऐकत नाही आणि सायकलवाला आडवा होतो तो रस्त्याच्या बाजूला, तुमच्याच चाकापुढे. म्हणून जाणता माणूस कडेपासून पाऊण मीटर सोडूनच चालवतो.

आता हिशेब मांडू. दुपदरी रस्ता सात मीटरचा धरा. पाऊण मीटर कड, पुढे अर्ध्या हँडलचे तीस सेंटीमीटर, मध्ये दीड मीटर मोकळी जागा आणि आरशांसकट तुमच्या गाडीचे दोन मीटर. झाले साडेचार मीटर. म्हणजे मधली रेघ ओलांडल्याशिवाय सायकलीला धड मागे टाकताच येत नाही! समोरून गाडी येत असेल तर मागेच राहायचं. पणजीतल्या पाटोहून रायबंदरला जाणारा बांध १६३३-३४ सालचा; तो काही मोटारी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला नाही. तिथे दोनशे मीटर ताशी पंधराने गेलात तर ताशी चाळीसच्या मानाने अर्धा मिनिट जास्त लागतो. बस, एवढंच.

गाडी लावल्यावर चालकाने उजवं दार डाव्या हाताने उघडावं. खांदा आपोआप वळतो, मागची सायकल दिसते.

सायकलवाल्यांचंही चुकतंच. उलट्या बाजूने येणं सर्वांत वाईट. तुमचे पंधरा आणि गाडीचे चाळीस मिळून पंचावन्नच्या वेगाने दोघं एकमेकांवर येता. योग्य बाजूने गेलात तर फरक फक्त पंचवीसचा. जुन्या सायकलींच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेकचं रबर सरकतं. उतार लागण्याआधीच ब्रेक दोन-तीनदा हलके दाबा, रिमवरचं पाणी पुसलं जातं. आणि पाटल्यावर, म्हणजे मागच्या पावाच्या टोपलीवर, प्लास्टिक घातलं की सीटखालचा लाल दिवा झाकला जातो. तो काढून पाटल्याच्या मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या वरून बांधा.