आकड्याआधी पातळी सांगा

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘इंधनगळतीच्या जागी भूजल-निरीक्षण कधी थांबवावे’ असा छापला आहे. तिकडे मी येणारच आहे. त्याआधी बरीच वर्षे मनात सलणारी एक गोष्ट बोलू द्या. ती पटली नाही तर पुढचे सगळे फुकट.

आपल्या अहवालांत बेंझिनचा, म्हणजे पेट्रोलमधल्या विषारी घटकाचा, तक्ता पहिल्या पानावर असतो आणि पाण्याची पातळी कुठेतरी परिशिष्टात. माझे म्हणणे असे की पातळी पाहिल्याशिवाय बेंझिनचा आकडा वाचूच नये. हात वर करा बरं, पातळीचा तक्ता आधी उघडणारे किती जण आहेत? मागच्या रांगेत तीन-चार, आणि सगळे बोअर खणणारे! तुमच्याशी मला नंतर निवांत बोलायचे आहे.

पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलके. टाकीतून गळले की झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत जाते आणि तिथे पसरते. पण तो तळ्यावरच्या तवंगासारखा सलग थर नसतो. मातीच्या एकाच छिद्रात पाणी, हवा आणि इंधन दाटीवाटीने असतात. पातळी खाली गेली की इंधन तिच्यामागे उतरते. पातळी वर आली की त्यातले बरेचसे पाण्याखाली कणाकणांत अडकून बसते. अशा चढउतारांनी मातीचा एक जाड पट्टाच माखून निघतो.

आता मी पाहिलेली एक जागा. रस्त्यालगतचा व्यापारी गाळा, जमिनीखाली पेट्रोलची जुनी टाकी, टाकी काढून झालेली, निरीक्षणासाठी तीन बोअर. मालकाला जागा विकायची घाई. सल्लागाराने भर पावसाळ्यानंतर नमुने घेतले आणि लिहिले: ‘तरंगते इंधन आढळले नाही, बेंझिन लक्षणीय घटले, निरीक्षण बंद करण्यास हरकत नाही.’ कागद माझ्यापुढे आला. मी परिशिष्ट उघडले. पाणी आत यायला बोअरच्या पाइपाला चिरा होत्या चार मीटर खोलीपासून खाली, आणि त्या दिवशी पाणी होते तीन मीटरवर. म्हणजे चिरा पूर्ण बुडालेल्या. तरंगते इंधन असेलच, तर ते बोअरमध्ये शिरणार कुठून? वाटेत बिनचिरांचा कोरा पाइप! शिवाय वरून ताजे पाणी मुरल्यामुळे बेंझिनही पातळ झालेले. मी हे सांगितले तर उत्तर मिळाले, ‘प्रयोगशाळेचा अहवाल आहे, साहेब.’ प्रयोगशाळेने बाटलीतले पाणी तपासले होते, आणि ते चोख तपासले होते. प्रश्न बाटली भरण्याआधीचा होता.

उन्हाळ्यात पातळी चिरांच्या वरच्या टोकाखाली उतरली. इंधन आणि पाणी वेगवेगळे ओळखणारा इंटरफेस प्रोब सोडला, तर टाकीच्या जागेजवळच्या बोअरमध्ये पेट्रोल. तोवर शेजारच्या तळघरात वास यायला लागला होता. त्या तळघरात माणसे दिवसभर काम करत होती, हे मला अजून विसरता येत नाही. पातळीच्या एका रकान्याकडे कुणी लक्ष दिले असते, तर त्यांना वेळेवर सांगता आले असते.

याला जोडूनच सांगतो, बोअरमध्ये दिसणारी जाडी म्हणजे जमिनीतली जाडी नव्हे. बारीक मातीत बोअरमध्ये कितीतरी जास्त इंधन साचते. आणि इंधन असलेल्या बोअरची पातळी घनतेचा हिशेब करून दुरुस्त केली नाही, तर प्रवाहाची दिशाच चुकते. दिशा काढायला एका रेषेत नसलेले निदान तीन बोअर लागतात, हे तुम्हाला माहीतच आहे. नमुन्याचेही तेच: बेलर, म्हणजे नमुना काढायची नळी, धपकन सोडला की बेंझिन हवेत उडते. पाणी सावकाश उपसा, चाळीस मिलिलिटरच्या कुपीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका...

चिठ्ठी आली, पाच मिनिटे उरली. मूळ प्रश्नाकडे येतो.

निसर्ग मदत करतो, हे खरे. जिवाणू आधी ऑक्सिजन, मग नायट्रेट, लोह, सल्फेट वापरून बेंझिन खातात आणि शेवटी मिथेन बनतो. म्हणून ऑक्सिजन व सल्फेट घटलेले आणि विरघळलेले लोह व मिथेन वाढलेले दिसले, तर विघटन चालू असल्याची ती खूण. पण वेळ मोठा लागतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ 1979 मध्ये कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. बरेचसे तेल काढून घेतले, तरी उरलेले कित्येक दशकांनंतरही भूजलावर तरंगताना आढळले. आणि सगळे घटक सारखे वागत नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई पाण्यात सहज विरघळतो, लवकर विघटित होत नाही, बेंझिनच्या पुढे पळतो. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला त्याच्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. तेव्हा तुमच्या इंधनात काय होते, ते आधी विचारा.

मग थांबवावे कधी? टाकी गेली, तरंगते इंधन काढले, भूजलातला दूषित पट्टा वाढत नाही, प्रवाहाच्या दिशेने सर्वांत पुढचा बोअर स्वच्छ आहे, आणि ही स्थिती पातळीचे चढउतार सोसून टिकली आहे, तेव्हा. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची 5. तिच्याशी तुलना करताना शेजारी त्या दिवशीची पातळी आणि चिरांची खोली लिहा. नमुने घेण्याच्या फेऱ्यांपैकी निदान एक वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीला झालेली हवी. ती झाली नसेल, तर बोअर बुजवायची परवानगी मागू नका.