खोका कोणता आणि प्रश्न कोणता

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते ग्रंथालयांच्या संशोधन फेलोशिपबद्दल, आणि त्यातही तिच्या अर्जाबद्दल. इतिहास, साहित्य, कला, धर्म अशा विषयांत काम करणाऱ्या अभ्यासकाला एखादं मोठं ग्रंथालय सांगतं, की या, आमच्या वाचनकक्षात बसा, आमचे जुने कागद वाचा, तेवढ्या दिवसांचा खर्च आम्ही देतो. शिकागोचं न्यूबेरी, कॅलिफोर्नियात सॅन मरिनोचं हंटिंग्टन, वॉशिंग्टनचं फोल्जर, ऑस्टिनचं हॅरी रॅन्सम सेंटर, वुस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी. ही शेवटची तर 1812 सालापासूनची संस्था. छोट्या फेलोशिप साधारण एक ते तीन महिन्यांच्या असतात, मोठ्या पार शैक्षणिक वर्षभराच्या. छोट्यांसाठी पीएच.डी. चालू असली तरी बऱ्याच ठिकाणी अर्ज करता येतो, मोठ्यांसाठी ती हातात लागते. एक गोष्ट आधीच तपासा. काही मोठ्या फेलोशिपचा पैसा नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या अमेरिकी सरकारी संस्थेकडून येत आला आहे, आणि तिथे नागरिकत्वाची किंवा अमेरिकेत आधी तीन वर्षं राहिलेलं असण्याची अट असते. ती अट वाचायची राहून गेली तर सगळा खटाटोप फुकट.

आता मुद्द्याचं. असे अर्ज मी वाचते, तरुण मंडळी आणून दाखवतात. दहातल्या सात-आठ अर्जांत एक वाक्य हमखास असतं: या विषयाकडे आजवर कुणाचंही लक्ष गेलेलं नाही. अर्जदाराला वाटतं, हा आपला हुकमी एक्का. अर्ज निवडणाऱ्या समितीला मात्र त्यातून काहीच कळत नाही. समितीला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. तुम्हाला आमच्याकडचा, म्हणजे जुने कागद ठेवलेला, कोणता खोका उघडायचा आहे? आणि त्या खोक्याला तुम्ही कोणता प्रश्न विचारणार आहात? खोका कोणता, आणि प्रश्न कोणता. हे दोन्ही पहिल्या पानावर आलं, तर अर्जाला पाय फुटतात.

हे पटवून द्यायला मी नेहमी एकच गोष्ट सांगते, आणि आज ती जरा सावकाश सांगणार आहे. मार्था बॅलर्ड या बाईची गोष्ट.

अमेरिकेच्या ईशान्येला मेन नावाचं राज्य आहे. तेव्हा ते वेगळं राज्य नव्हतं, मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं. तिथे केनेबेक नदीच्या काठी हॅलोवेल नावाचं गाव. त्या गावात मार्था बॅलर्ड ही सुईण राहायची. नवरा जमिनीची मोजणी करायचा, लाकडाची गिरणी चालवायचा. मार्थाला नऊ मुलं झाली, त्यातली तीन एका साथीत काही दिवसांच्या अंतराने गेली. पन्नाशीला टेकल्यावर, 1785च्या जानेवारीत तिने रोजनिशी लिहायला सुरुवात केली आणि 1812 साली मरेपर्यंत ती लिहीत राहिली. सत्तावीस वर्षं. तेवढ्या काळात तिने आठशेच्या वर बाळंतपणं केली. नदी गोठलेली असली की बर्फावरून चालत, बर्फ फुटायला लागला की होडीतून, कधी घोड्यावरून रात्री-अपरात्री.

आणि लिहायची काय? हवा कशी आहे. कोण आलं, कोण गेलं. नवरा मोजणीला गेला. मुलींनी सूत कातलं. आज अमकीकडे बाळंतपणाला गेले, मुलगा झाला. मागचे पैसे मिळाले. एक-दोन ओळी, फार तर पाच-सहा. शब्द कसे लिहायचे याचे नियम तिने कधी पाळले नाहीत, आणि मनातलं तर जवळजवळ नाहीच.

ही रोजनिशी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. 1884 साली मार्थाच्या खापरपणतीच्या हाती ती आली, मेरी होबार्टच्या. ती त्याच वर्षी डॉक्टर झाली होती. सुईणीची वही डॉक्टर झालेल्या मुलीकडे! तिने ती जिवापाड जपली आणि 1930 साली मेन राज्याच्या ग्रंथालयाला देऊन टाकली.

इथे लक्ष द्या. रोजनिशी कुठे लपलेली नव्हती. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ती ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकातल्या एका इतिहासकाराने ती चाळली आणि थोडा भाग सोडला तर सर्वसाधारण वाचकाला यात रस वाटण्यासारखं काही नाही असं लिहून ठेवलं. दुसऱ्या एकाने तिच्यातले निवडक उतारे काढले. पुढे 1970च्या दशकात, स्त्रियांचा इतिहास नव्याने लिहिला जात असताना, सुईणींवर लिहिलेल्या एका पुस्तकानेसुद्धा हेच म्हटलं: घरकामाचा बारीकसारीक तपशील, दुसरं काही नाही. म्हणजे खोका होता. खोका सगळ्यांना माहीत होता. प्रश्न नव्हता.

मग तिथे लॉरेल थॅचर अल्रिक आल्या. न्यू हॅम्पशायरच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या इतिहासकार. त्यांनी त्या बारीकसारीक तपशिलालाच हात घातला. उतारे वेचले नाहीत, सबंध रोजनिशी घेतली. आज घरात कोण होतं, कुणी विणलं, कुणी कुणाला काय उसनं दिलं, कुणाच्या घरी कितव्यांदा गेली, हे सगळं मोजलं, तक्ते केले. गावच्या कारकुनाची, हेन्री स्यूअलची, त्याच काळातली रोजनिशी होती, ती शेजारी ठेवून पाहिली. कोर्टाचे कागद पाहिले. आणि त्या रटाळ म्हणून सोडलेल्या ओळींतून गावातल्या बायकांचा एक स्वतंत्र व्यवहार वर आला. सूत, कापड, मजुरी, औषध, बाळंतपणाचे पैसे, यांची देवघेव बायका आपसात करत होत्या, आणि पुरुषांच्या हिशेबवह्यांत त्याचा मागमूस नव्हता.

एक नोंद तर मी कधीच विसरू शकत नाही. त्या काळी मॅसॅच्युसेट्सचा कायदा असा, की लग्न न झालेली मुलगी बाळंत होताना तिने ऐन कळांमध्ये मुलाच्या बापाचं नाव घेतलं, तर ते खरं धरायचं. अशा वेळी माणूस खोटं बोलणार नाही, ही त्यामागची समजूत. आणि ते नाव विचारून घ्यायचं काम सुईणीचं. 1791च्या ऑक्टोबरात मार्था सॅली पिअर्स नावाच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली. मुलगा झाला. सॅलीने बापाचं नाव सांगितलं, आणि मार्थाने ते रात्री वहीत उतरवलं: बाप म्हणून तिने माझ्या मुलाचं, जोनाथनचं नाव घेतलं. एवढंच. राग नाही, रडणं नाही, कुणाला दोष नाही. स्वतःच्या मुलाविरुद्धची साक्ष आईने एका ओळीत लिहून ठेवली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला जोनाथनने सॅलीशी लग्न केलं, आणि काही दिवसांनी त्याच वहीत सॅली सून म्हणून येते.

आता ही ओळ एकटी वाचली तर चटका लावते, पण तेवढंच. अल्रिकबाईंनी तिच्या आगेमागे अशाच बाकीच्या मुलींच्या बाळंतपणाच्या नोंदी मांडल्या, तेव्हा कळलं की त्या गावात हे अगदीच जगावेगळं नव्हतं आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट लग्नातच व्हायचा. नोंद तीच. प्रश्न बदलला, आणि नोंद बोलायला लागली. या कामाला नॅशनल एंडाउमेंटची मदत मिळाली होती. ‘अ मिडवाइफ्स टेल’ हे पुस्तक 1990 साली आलं आणि 1991 साली त्याला इतिहासाचं पुलित्झर, हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं.

आणखी एक, याचा फेलोशिपशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रॉबर्ट आणि सिंथिया मॅककॉसलंड या नवराबायकोने कित्येक वर्षं खपून ती सबंध रोजनिशी अक्षर अन् अक्षर लावून उतरवून काढली, ती 1992 साली छापून आली. अशा माणसांची नावं मागच्या पानावर बारीक अक्षरात येतात. सूची करणारे, अक्षर लावणारे, खोक्यांवर नंबर घालणारे, यांचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर यायला हवं असं माझं ठाम मत आहे. आणि तुमच्या घरात कुणी रोजनिशी लिहीत असेल, तर त्यांना सांगा, माणसांची नावं पूर्ण लिहा. नुसतं ‘काकू आल्या’ लिहू नका. शंभर वर्षांनी त्या काकू कोण हे कोण सांगणार?

असो. वळूया अर्जाकडे.

खोका कोणता, हे कसं ठरवायचं? ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मोठ्या संग्रहाची तपशीलवार सूची असते, तिला तिकडे फाइंडिंग एड म्हणतात. कोणत्या खोक्यात कोणता फोल्डर, कोणत्या वर्षांची पत्रं, सगळं त्यात असतं. ती ओळ न् ओळ वाचा. अर्जात ‘आपल्या समृद्ध संग्रहाचा लाभ घेईन’ असं लिहू नका. अमक्या संग्रहाचे खोके 12 ते 19, त्यातला पत्रव्यवहार, असं नंबरासकट लिहा. सूचीतून कळलं नाही तर त्या संग्रहाच्या ग्रंथपालांना आधी ईमेल करा. हे लोक मनापासून उत्तर देतात. कधी ते सांगतात, की हा भाग सध्या दुरुस्तीला गेलाय, किंवा तुम्ही म्हणता त्यापेक्षा शेजारचा संग्रह जास्त उपयोगी आहे. अर्ज पाठवण्याआधी हे कळणं म्हणजे अर्धं काम झालं.

समिती हटकून आणखी एक विचारते: हे सगळं इंटरनेटवर असताना इथे यायचं कशाला? मार्थाची रोजनिशीसुद्धा आता पडद्यावर पानन्‌पान पाहता येते. म्हणून प्रत्यक्ष कागदातून तुम्हाला काय मिळणार आहे ते लिहा. कागद, शाई, बांधणी, समासातल्या खुणा, की ज्यांची छायाचित्रं झालेलीच नाहीत असे फोल्डर. आणि वाचनकक्षात गेल्यावर नुसते मोबाईलवर फोटो काढत सुटू नका. मी पाहिलंय, लोक दिवसाला चारशे पानांचे फोटो काढतात आणि त्यातली चार पानंही पुढे वाचत नाहीत. तिथे पेन्सिलच चालते, पेन नाही. ते एका अर्थी बरंच आहे, हात सावकाश चालतो आणि डोळा ओळीवर टिकतो.

मागितलेल्या मुदतीत मावेल त्यापेक्षा मोठं काम मांडू नका. एका महिन्यात पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार वाचून होत नाही, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. पहिल्या आठवड्यात काय, पुढे काय, आणि शेवटी त्यातून लेख होणार की पुस्तकाचं एक प्रकरण, एवढं आखलेलं पुरे. शीर्षक साधं ठेवा. मध्ये अपूर्णविराम, म्हणजे कोलन, घालून दोन मजली शीर्षक करायची जी खोड लागली आहे, तिच्यामुळे वाचणाऱ्याला विषय उशिराच कळतो. शिवाय समितीत तुमच्या विषयाबाहेरचे लोक असतात. मध्ययुगीन चर्चवर काम करणारा माणूस तुमचा विसाव्या शतकावरचा अर्ज वाचतो. त्याला समजेल अशा भाषेत लिहा.

शिफारसपत्रांबद्दल माझं मत पक्कं आहे. मोठ्या नावाचं ओळखीपुरतं पत्र घेण्यापेक्षा ज्याने तुमचं लेखन खरोखर वाचलंय, त्याचं पत्र घ्या. त्याला तुमचा अर्जाचा मसुदा पाठवा, म्हणजे त्याच्या पत्रातसुद्धा तोच खोका आणि तोच प्रश्न येईल. आणि निदान महिनाभर आधी सांगा. बहुतेक मोठ्या अमेरिकी ग्रंथालयांची मुदत शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत संपते, निकाल वसंतात लागतात आणि प्रत्यक्ष फेलोशिप त्यापुढच्या वर्षात सुरू होते. म्हणजे आज मनात आलं तर तिथल्या टेबलाशी बसायला वर्ष-दीड वर्ष जाणार. तेवढा धीर धरा, दरम्यान सूची वाचत राहा.

नकार आला तर कारण विचारा. सगळी ग्रंथालयं सांगत नाहीत, काही परीक्षकांचे शेरे कळवतात. ते शेरे घेऊन त्याच ठिकाणी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, आणि बरेच जण असेच निवडले जातात.

या आठवड्यात एवढंच करा. आपल्या विषयाच्या जवळचं एक ग्रंथालय निवडा, त्याची एक संग्रहसूची उघडा, आणि एका खोक्याचा नंबर आणि त्याच्याखाली एक प्रश्न कागदावर लिहा. नमस्कार.